वेग पन्नासच होता, मग घाटात गाडी गरकन फिरली कशी?

नमस्कार. सगळ्यांना सुखरूप घरी पोचवलंत, हे पहिलं महत्त्वाचं. आता गाडीचं बोलू.

तुमची हकीकत मी माझ्या शब्दांत पुन्हा मांडतो, म्हणजे माझी समजूत कुठे चुकली असेल तर तुम्हाला दिसेल. जूनमधला पहिला जोराचा पाऊस. कोल्हापूरहून आजरामार्गे आंबोली उतरत होता. सहा वर्षांची हॅचबॅक, इंजिनची ओढ पुढच्या चाकांना असलेली. शेजारी पत्नी, मागे दोन मुलं, डिकीत सामान. वेग पन्नासच्या आसपास. उजवं वळण, उतारावरचं. आत शिरल्यावर ते वाटलं त्यापेक्षा आवळत गेलं, म्हणून एक्सलेटरवरून पाय काढलात आणि ब्रेकवर हलका ठेवलात. त्याच क्षणी गाडीचं मागचं अंग डावीकडे निसटलं, गाडी भोवऱ्यासारखी फिरली आणि तोंड पुन्हा आंबोलीकडे करून, मागचं डावं चाक चरात अडकून थांबली. कुणी म्हणालं वेग जास्त होता, कुणी म्हणालं रस्त्यावर ऑइल असेल, मेहुणे म्हणाले गाडी हलकी आहे. तुमचा प्रश्न असा की, पुढचे दोन्ही टायर महिन्यापूर्वीच नवे टाकलेत, ब्रेकही जोरात मारला नाही, मग झालं काय?

तुम्ही टायरचा उल्लेख जाता जाता केलाय. मला मात्र तेच वाक्य सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. कोल्हापुरात माझं अलाइनमेंट आणि सस्पेन्शनचं वर्कशॉप आहे, सत्तावीस वर्षं झाली. पावसाळ्याच्या पहिल्या पंधरवड्यात तुमच्यासारखी हकीकत सांगणारी गाडी दर वर्षी येते आणि मी आधी मागच्या टायरवर हात फिरवतो.

जे इथे बसून सांगता येणार नाही, ते आधी मान्य करतो. ते वळण नेमकं किती आवळ होतं, डांबर नवं होतं की झिजून चकाकलेलं, समोरून गेलेल्या ट्रकने वळणात डिझेल सांडलं होतं का, चिऱ्याच्या गाड्यांनी तांबडी माती आणून टाकली होती का, हे मी पाहिलेलं नाही. तेलाबद्दल एक गोष्ट मात्र तपासता येते. रस्त्यावरच्या तेलकट पट्ट्यावर आधी पुढची चाकं जातात. तेव्हा बहुतेक वेळा आधी पुढचं अंग घसरतं. स्टेअरिंग एकदम हलकं लागतं आणि गाडी वळायचं सोडून सरळ जायला बघते. तुम्ही लिहिलंय की नाक आतच वळत राहिलं आणि मागचं अंग गेलं. म्हणजे पुढच्या टायरांनी रस्ता धरलेला होता, सोडला तो मागच्यांनी. म्हणून खरा प्रश्न ‘गाडी का घसरली’ हा नाही. एकाच ओल्या रस्त्यावर मागचे टायर पुढच्यांच्या आधी का हरले, हा आहे.

त्यासाठी वळणात टायर काय करतो ते पाहू. शाळेत शिकलेलं अभिकेंद्री बल आठवा. गाडीला वळायचं असेल तर कुणीतरी तिला सतत आतल्या बाजूला ढकलत राहायला हवं. दोरीला बांधलेल्या दगडाला ते काम दोरी करते, गाडीला चार टायर करतात. प्रत्येकाचा रस्त्याला टेकलेला भाग साधारण आपल्या तळहाताएवढा. किती ढकलावं लागतं ते वेगाच्या वर्गावर ठरतं. चाळीस मीटर त्रिज्येच्या वळणात ताशी ४० किलोमीटरला गाडीच्या वजनाच्या साधारण ३१ टक्के बल लागतं आणि ५० ला जवळपास ४९ टक्के. काटा दहानेच सरकला, काम मात्र दीडपटीच्याही वर गेलं. चाळीस मीटरचं वळण पुढे तीस मीटरचं झालं आणि वेग ५० च राहिला, तर हाच आकडा ६६ टक्क्यांपर्यंत जातो. म्हणून ‘पन्नासच तर होता’ या वाक्यातला ‘तर’ घाटात फसवा ठरतो. त्या वळणासाठी तो वेग जास्त होता, हे म्हणणाऱ्यांचं बरोबर आहे. पण वेग जास्त असला की गाडी फिरेलच असं नाही, ती सरळ कठड्याकडेही जाऊ शकली असती. फिरली का, याचं उत्तर वेगात मिळत नाही.

आता घरात एक खोडरबर घ्या. टेबलावर बोटाने दाबून धरा आणि हळूच आडवं ओढा. लगेच सरकत नाही. आधी वाकतं, तळ टेबलाला चिकटून राहतो आणि वरचा भाग पुढे जातो. आणखी ओढलं की तळाची एक कड सुटते, मग दुसरी, मग सगळं खोडरबर घसरतं. टायर वळणात हेच करतो. चाकाचं तोंड एका दिशेला आणि त्याची प्रत्यक्ष वाट त्याच्या थोडी बाहेर, असा काही अंशांचा फरक पडतो. हा तिरपेपणा वाढेल तशी पकड आधी वाढते. रस्त्यावरच्या साध्या टायरमध्ये सहा ते दहा अंशांच्या आसपास ती शिगेला पोचते आणि पुढे कमी होते. शिगेच्या अलीकडे टायर तुमचं ऐकत असतो. पलीकडे गेला की जितका जास्त तिरपा होतो तितका कमी धरतो, आणि कमी धरतो म्हणून आणखी तिरपा होतो. तुम्ही लिहिलंय की ‘एका सेकंदात सगळं संपलं’. ते तसंच असतं, कारण त्या बिंदूनंतर घसरण स्वतःच स्वतःला वाढवत नेते.

याच खोडरबरावर दुसरी गोष्ट बघा. बोटाचा दाब कमी केलात की ते लगेच सरकतं. टायरची पकड त्याच्यावरच्या भारावर अवलंबून असते आणि तो भार चालत्या गाडीत सतत इकडून तिकडे जात असतो. ब्रेक लावला की गाडी नाक खाली घालते, मागचं अंग उचललं जातं. हे तुम्ही रोज सिग्नलला अनुभवता.

तुमच्या वळणात नेमकं काय झालं असेल त्याचा हिशेब मी वहीवर मांडतो तसा मांडतो. सोपं जावं म्हणून एकटा चालक असलेली, एक हजार किलोची गाडी धरू. अशा गाडीत इंजिन पुढे असल्याने साधारण ६२० किलो भार पुढच्या चाकांवर आणि ३८० मागच्यांवर असतो. गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटर, पुढच्या-मागच्या चाकांत २.४५ मीटर अंतर. उतार आठ टक्के. त्या उतारावर वेग नुसता आहे तेवढा धरून ठेवायला जी रोख, म्हणजे गाडीला मागे धरणारं बल, लागते, तिनेच सुमारे १८ किलो भार मागून पुढे जातो. त्यात पाय उचलल्यावर इंजिनने धरलं आणि वर हलका ब्रेक लागला की आणखी पंचेचाळीसेक किलो. म्हणजे मागच्या चाकांवर ३८० ऐवजी ३१७ च्या आसपास किलो उरले.

आता जरा थांबून विचार करा. मागच्या टायरांवरचा भार कमी झाला, पण त्यांना गाडीचं जे मागचं अंग वळवायचं आहे ते हलकं झालं का? नाही. डिकी, मागचं सीट, मागचा ॲक्सल जागच्या जागी आहेत, त्यांचं वस्तुमान कुठे गेलेलं नाही. वळवण्याचं काम वस्तुमानावर ठरतं आणि काम करण्याची ताकद भारावर. पाय उचलल्यावर काम तेवढंच राहतं, ताकद मात्र पुढे निघून जाते. सगळी गोम इथे आहे.

आकड्यांत बघू. ५० च्या वेगाला मागच्या टायरांना हवं होतं ३८० च्या ४९ टक्के, म्हणजे सुमारे १८६ किलोचं बल. झिजलेला, पण अगदी गोटा न झालेला टायर ओल्या डांबरावर भाराच्या निम्म्याएवढी पकड देतो असं धरू. पाय उचलण्याआधी, कसलीही रोख नसताना, हाती होते १९०. कसंबसं भागत होतं. पाय उचलून ब्रेक लावल्यावर राहिले १५८, आणि त्यातलाही थोडा वाटा मागच्या ब्रेकने खाल्ला. पुढे उलटं चित्र. नवे टायर, समजा भाराच्या ६० टक्के पकड देणारे, त्यांना हवं होतं ३०४ आणि भार वाढल्यावर हाती आले ४१०. ब्रेकचा वाटा वजा केला तरी साडेतीनशेच्या आसपास उरतात. पुढच्यांकडे शिल्लक, मागच्यांकडे तूट. वळण आवळत गेलं म्हणून त्याच वेळी तुम्ही स्टेअरिंग आणखी आत घेतलं असणार, कुणीही घेईल. पुढच्या टायरांनी ते इमानदारीने ऐकलं आणि नाक आत ओढलं. मागचं अंग त्याच्या मागोमाग येऊ शकलं नाही. गाडी स्वतःभोवती फिरली.

हे आकडे ठोकताळ्याचे आहेत, तुमच्या गाडीचे वेगळे असतील. मागे मुलं आणि सामान होतं, तेव्हा मागचा भार माझ्या हिशेबापेक्षा बराच जास्त होता. इथे बरेच लोक म्हणतात, ‘मागे वजन असलं की गाडी बसते’. ढोबळमानाने खड्ड्यांत ते खरं वाटतं. वळणात नाही. भार दुप्पट केला म्हणून टायरची पकड दुप्पट होत नाही, दुपटीला जरा कमीच पडते. काम मात्र पुरं दुप्पट होतं. म्हणजे डिकीतल्या बॅगांनी मागच्या टायरांना मदत केली नाही, उलट थोडा तोटाच केला. त्यात हवा रोजचीच ठेवली असेल तर आणखी. चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणामागे स्टिकर असतं. भरलेल्या गाडीसाठी मागच्या टायरची हवा त्यावर बऱ्याचदा वेगळी आणि जास्त दिलेली असते. पंपावर ‘सगळीकडे ३२ मार’ म्हणायच्या सवयीत ते स्टिकर कुणी वाचत नाही.

आता टायरकडे येतो, कारण हीच गोष्ट तुम्ही उद्या सकाळी बदलू शकता.

तुमच्यासारख्या गाडीत ओढणं, वळणं आणि बहुतेक ब्रेक, ही तिन्ही कामं पुढच्या टायरांकडे असतात, म्हणून तेच आधी झिजतात. मग माणूस दोनच टायर घेतो आणि जिथले काढले तिथेच नवे बसवतो. दुकानदारही तसंच करून देतो, त्यात त्याचे कष्ट कमी आणि गिऱ्हाइकाला पटतंही. ‘मागचे अजून चालतील’ असं तुम्हाला सांगितलं गेलं. चालतीलच. कोरड्या रस्त्यावर पुढच्या पावसाळ्यापर्यंतही चालले असते. पण गाडी सहा वर्षांची आणि मागचे टायर मूळचे असतील तर रबर कडक झालंय, नक्षी दोन-अडीच मिलिमीटर उरली असेल. नव्या टायरची सात-आठ मिलिमीटर असते. त्या खाचांचं काम पाणी बाहेर फेकणं. १.६ मिलिमीटरला कायद्याची खूण येते, खाचेच्या तळाशी छोटे उंचवटे दिसतात तेच. पण पाण्यातली पकड त्या खुणेची वाट बघत बसत नाही, ती बरीच आधी उतरायला लागते.

जुने मागे आणि नवे पुढे, यातून काय होतं? ज्या रस्त्यावर चारही सारखे टायर असते तर गाडीने आधी पुढचं अंग सोडलं असतं आणि तुम्हाला कळलं असतं, तिथे आता आधी मागचं अंग सुटतं, काही न सांगता. दोनच नवे घ्यायचे असतील तर नवे मागे आणि मागचे पुढे आणायचे. टायर बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या स्वतः हेच सांगतात. माझ्याकडे आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी हे सांगतो आणि निम्मे तरी वाद घालतात: ‘अहो, पण स्टेअरिंग पुढे आहे ना?’ म्हणूनच तर. पुढचे घसरले तर तुमच्या हातात स्टेअरिंग आहे, पायात ब्रेक आहे, वेग कमी झाला की ते पुन्हा धरतात. मागचे घसरले तर त्यांना हुकूम द्यायला तुमच्या हातात थेट काहीच नाही.

मे महिन्यात मी एका ओळखीच्या मोकळ्या आवारात टँकरने पाणी मारून घेतो आणि वर्कशॉपमधल्या नव्या पोरांना हे प्रत्यक्ष दाखवतो. एकच जुनी हॅचबॅक. आधी चांगले टायर मागे, झिजलेले पुढे. गोल फिरवत हळूहळू वेग वाढवायचा आणि मग झटक्यात पाय उचलायचा. गाडीचं नाक आधी बाहेर जात असतं, पाय उचलल्यावर थोडं आत येतं, बस्स. मग जॅक लावून टायर पुढचे मागे, मागचे पुढे करायचे. तोच माणूस, तोच वेग, तेच पाणी. पाय उचलला की गाडी अर्धा फेरा मारून आमच्याकडे तोंड करून उभी. मागच्या वर्षी एका पोराने उतरून चारही टायरवरून हात फिरवला, मग स्पीडोमीटरचा फोटो दाखवला. पस्तीसही नव्हता. त्या पोराने त्याच संध्याकाळी वडिलांच्या गाडीचे टायर फिरवले.

इथवरचं दोन ओळींत: वेगाने चारही टायरांना काठावर आणलं, झिजलेल्या मागच्या टायरांनी काठ आणखी जवळ आणला, आणि पाय उचलल्याने मागच्या टायरांचा भार काढून घेतला. यातलं एक जरी नसतं तरी बहुधा तुम्ही थोडे घाबरून वळण पार केलं असतं.

पाय उचलणं ही चूक म्हणून मी तुम्हाला दोष देत नाही, आणि हे मनापासून सांगतो. नवी गाडी कारखान्यातून येते तेव्हा ती मुद्दामच अशी बेतलेली असते की हद्द ओलांडली तर पुढचं अंग आधी सुटावं. कारण घाबरलेला माणूस पाय उचलतो, आणि पुढचं अंग सुटलेलं असताना पाय उचलणं बरोबर असतं. भार पुढे येतो, पुढचे टायर धरतात, गाडी वळते. म्हणजे वर्षानुवर्षं तुमच्या पायाला जे शिकवलं गेलं ते त्या गाडीसाठी योग्यच होतं. टायरांची अदलाबदल झाल्यावर गाडीचा स्वभाव उलटला आणि पायाला ते कुणी सांगितलं नाही.

माझ्या पायालाही एकदा कुणी सांगितलं नव्हतं. विशीत होतो, गगनबावड्याहून करूळ घाट उतरत होतो, जुनी, मागच्या चाकांना ओढ असलेली गाडी. वळणात भीती वाटली म्हणून पाय सोडला आणि वर गियर खाली टाकला. अशा गाडीत इंजिनची रोख थेट मागच्या चाकांवर येते. म्हणजे भारही गेला आणि उरलेल्या पकडीतला मोठा वाटा त्या रोखेने खाल्ला. टायरकडे पकडीची एकच थैली असते. वळायलाही त्यातूनच आणि थांबायलाही त्यातूनच. ८० टक्के वळण्यात खर्च झाले असतील तर थांबायला ६० टक्क्यांपर्यंत मिळतात, पण पूर्ण शंभर वळण्यात गेले असतील तर थांबायला शून्य. मी शून्यावर होतो. गाडी दीड फेरा फिरली आणि डोंगराच्या बाजूला टेकली. दुसऱ्या बाजूला टेकायला काही नव्हतं. बोलेरो, ईको, क्रिस्टापर्यंतची इनोव्हा या मागच्या ओढीच्या गाड्या. त्यांच्यात उलट चूकही होते, ओल्या वळणातून बाहेर पडताना एक्सलेटर जोरात दाबला की मागचं अंग जातं. तुमच्या गाडीत ते व्हायचं नाही.

एबीएसबद्दल विचारलंय. ते बिघडलेलं नसावं. त्याचं काम ब्रेक लावल्यावर चाक जाम होऊ न देणं एवढंच. तुमची चाकं जाम झालीच नव्हती, ती फिरत फिरत आडवी सरकली. त्याला आवर घालणारी यंत्रणा वेगळी, ईएससी. गाडी स्टेअरिंगपेक्षा जास्त फिरतेय हे ओळखून ती बाहेरच्या बाजूच्या पुढच्या एकाच चाकाला ब्रेक लावते आणि नाक बाहेर खेचून धरते. बॉशची ही यंत्रणा १९९५ मध्ये मर्सिडीजच्या मोठ्या गाड्यांत आली. १९९७ मध्ये स्वीडनच्या एका मासिकाने अचानक अडथळा चुकवण्याची चाचणी घेतली, तीत छोटी ए-क्लास उलटली, आणि मग मर्सिडीजने त्या छोट्या गाडीतही ती सरसकट बसवली. तिथून हे तंत्र सामान्य गाड्यांकडे झिरपलं. तुमच्या मॉडेलमध्ये ते नसावं. पुढची गाडी घेताना सनरूफच्या आधी हे विचारा. तरीही लक्षात असू द्या, ती यंत्रणाही त्याच चार टायरांकडून काम करून घेते.

अनेकांनी ‘टायर पाण्यावर तरंगला’ असंही म्हटलं असेल. पूर्ण तरंगायला ३२ हवेच्या टायरला ढोबळमानाने ताशी नव्वदच्या वर वेग आणि साचलेलं पाणी लागतं. घाटाच्या उतारावर पाणी साचत नाही, वाहतं. तुमच्याकडे त्या दिवशी होता तो पातळ, चिखल-तेलाचा पहिल्या पावसाचा थर. दोन-तीन जोरदार सरींत धुऊन जातो, पण तोवर रस्ता ऑगस्टपेक्षा निसरडा असतो.

मग वळणात करायचं काय? वेग वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना कमी करायचा, वाटतं त्यापेक्षा थोडा जास्तच. उतारावर दुसरा किंवा तिसरा गियर. न्यूट्रलवर घाट उतरवणारे पेट्रोल वाचवत नाहीत, सगळं काम ब्रेकवर टाकतात आणि वळणात हाताशी काही ठेवत नाहीत. आत शिरल्यावर एक्सलेटर अगदी हलका, वेग वाढू नये आणि घटूही नये इतपत धरायचा. वळणाचं दुसरं टोक दिसत नसेल तर ते आवळणारच आहे असं धरून चालायचं. तरीही वेग जास्त झाला असं कळलं, तर पाय उचलायचा नाही, सैल सोडायचा. फरक अर्ध्या सेकंदाचा असतो, पण त्या अर्ध्या सेकंदात भार झटक्याने न जाता सरकत जातो आणि टायरला सावरायला वेळ मिळतो. यासाठी रोजच्या रस्त्यावर सराव करता येतो: शेजारी बसलेल्याची मान पुढे हलू न देता पाय काढायची सवय लावा.

मागचं अंग सुटलंच, तर मागची बाजू ज्या दिशेला चाललीय त्याच दिशेला स्टेअरिंग द्यायचं, तुमच्या वेळी डावीकडे. नजर जायचंय तिकडे, कठड्याकडे नाही. ब्रेकवरून पाय बाजूला. तुमच्यासारख्या गाडीत किंचित एक्सलेटरही मदत करतो, कारण भार मागे येतो. आणि गाडी सावरायला लागताच स्टेअरिंग लगेच सरळ करायचं, नाहीतर ती दुसऱ्या बाजूला दुप्पट जोराने फेकली जाते. वाचायला सोपं आहे. प्रत्यक्षात पहिल्या पाऊण सेकंदात झालं तरच होतं, आणि घाटाच्या दोन पदरी रस्त्यावर तेवढी जागाही नसते. मोठ्या मैदानावर सराव केल्याशिवाय ते आपल्याला जमेल असं मी कुणाला सांगत नाही. गाडी पूर्ण फिरलीच असेल तर क्लच आणि ब्रेक दोन्ही दाबून धरा, म्हणजे ती निदान एका रेषेत घसरत थांबते.

उद्याचं काम. नवे दोन्ही टायर मागे बसवून घ्या, किंवा जमलं तर आणखी दोन नवेच घ्या. मागच्या टायरच्या भिंतीवर चार आकडे असतात, शेवटचे दोन वर्ष आणि पहिले दोन आठवडा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. ते मला कळवा. मागचे शॉकॲब्सॉर्बर तेल सोडतायत का बघा. शॉक गेलेला असेल तर खडबडीत वळणात टायर उड्या मारतो आणि हवेतला टायर काहीच धरत नाही.

आणि एक गोष्ट विसरू नका. तुमचं मागचं डावं चाक चरात आदळलंय. रिम वाकलेली दिसली नाही तरी अलाइनमेंट करताना चारही चाकांचं करायला सांगा आणि मागच्या चाकांच्या ‘टो’चे, म्हणजे चाक किती आत किंवा बाहेर तोंड करून उभं आहे त्याचे, आकडे स्वतः स्क्रीनवर बघा. अशा गाडीत मागे दोन्ही चाकांना जोडणारा एकसंध बीम असतो, तो मशीनवर सेट होत नाही, म्हणून पुष्कळ ठिकाणी मागचं मोजतच नाहीत. डावं चाक बाहेर तोंड करून उभं असेल तर बीम वाकलाय. मग टायर कितीही नवे असले तरी उजव्या वळणात, भार बाहेरच्या डाव्या चाकावर आला की, मागचं अंग पुन्हा बाहेर पडायला बघेल. तसं निघालं तर बीम बदलेपर्यंत गाडी घाटात नेऊ नका.